जुना सेटर, नवा ट्रेनी: मशिन शॉपमध्ये जोडी कशी लावावी

भोसरी, अंबड, वाळूज, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीतल्या मध्यम मशिन शॉपमध्ये साधारण एकच चित्र दिसतं. सेंटर लेथवर हात बसलेले आणि पुढे सीएनसीवर (संगणकी प्रोग्रामवर चालणाऱ्या मशिनवर) आलेले, पन्नाशी ओलांडलेले तीन-चार सेटर, म्हणजे मशिन कामासाठी लावून देणारे कारागीर, मधल्या वयाचे कंत्राटी ऑपरेटर, आणि आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेली विशीतली मुलं. खटके उडाले की मॅनेजमेंट ते स्वभावावर ढकलते आणि एखादी सहल काढते. सहलीला ना नाही, पण सोमवारी चकमध्ये (मशिनच्या फिरत्या पकडीत) जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, तसाच वाकडा फिरतो. खालची पद्धत एक जॉब आणि दोन माणसं घेऊन सुरू करायची आहे. ती तिथे चालली तरच पुढच्या मशिनवर न्या.

आधी पैशाचं मिटवा

सेटर शिकवायला नाखूष असतो त्याची दोन कारणं असतात, आणि दोन्ही रास्त आहेत. शिकवण्यात वेळ गेला की त्याचा इन्सेन्टिव्ह बुडतो. शिवाय 'पोरगं तयार झालं की आपल्याला पॅकिंगला बसवतील' ही धास्ती असते.

पहिल्यावर उपाय हिशेबाचा आहे. समजा तासाला १२ पीस निघतात आणि शिफ्टचं टार्गेट ९० आहे. दोन तास शिकवायचं ठरलं तर त्या दिवशीचं टार्गेट ६६, आणि ते शिफ्ट सुरू होण्याआधी प्रॉडक्शन बोर्डावर लिहायचं. संध्याकाळी 'बघू, समजून घेऊ' म्हणालात की दुसऱ्या दिवशी शिकवणं बंद. दुसऱ्या कारणावर गोड बोलून भागत नाही. शिकवणाऱ्याच्या जागेला आणि ग्रेडला धक्का लागणार नाही हे युनियनच्या किंवा कामगार प्रतिनिधींच्या समोर सांगा, लेखी द्या. देता येत नसेल तर हा खटाटोप करूच नका. लोकांना सगळं कळत असतं.

अप्रेंटिसबाबतही एक गोष्ट पक्की असू द्या. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्याला वर्षभर नुसतं बर (कापल्यावर कडेला उरलेली धातूची कूस) काढायला बसवलं तर वर्षाअखेरीस तुमच्या हाती फक्त बर काढणारा मुलगा उरतो.

कोणाच्या हातात काय आहे ते भिंतीवर लावा

स्किल मॅट्रिक्स बहुतेक ठिकाणी असतं, ऑडिटपुरतं. त्यात 'सीएनसी ऑपरेशन' असा एकच रकाना असेल तर तो कागद बिनकामाचा आहे. रकाने बारीक पाडा: सॉफ्ट जॉ (चकचे कापून आकार देता येणारे मऊ जबडे) बोअर करणे, म्हणजे आतून गोल कापणे, इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) बदलल्यावर अर्धवट आटे पुन्हा जुळवणे, पातळ भिंतीचा जॉब पकडणे, कूलंटचं (कापताना गार ठेवणाऱ्या द्रवाचं) प्रमाण तपासणे, प्रोग्राममध्ये बदल करणे, टॅबवर एन्ट्री करणे. प्रत्येक नावापुढे गोल काढा. पाव भरलेला म्हणजे पाहिलंय, अर्धा म्हणजे मदतीने करतो, पाऊण म्हणजे एकटा करतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवतो.

ज्या रकान्यात पूर्ण गोल एकच आहे आणि तो माणूस दोन-तीन वर्षांत निवृत्त होणार आहे, तिथून सुरुवात करा. प्रोग्राम आणि टॅबच्या रकान्यांत पूर्ण गोल बहुधा मुलांचे निघतील. ते रकाने वगळू नका, नाहीतर तक्ता एकतर्फी होतो आणि मुलं फक्त घेणारी ठरतात.

अंदाज कागदावर उतरवणे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांत नवे हात लवकर तयार करण्यासाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा उपक्रम चालला, पुढे जपानने तो उचलला. त्यातून पुढे आलेला कामाची फोड करणारा तक्ता आजही चोख चालतो. तीन रकाने: पायरी, नेमका मुद्दा, कारण. बहुतेक कारखान्यांच्या वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये पहिलाच रकाना असतो. सेटरचं कसब मात्र उरलेल्या दोनांत असतं.

लिहायचं मुलाने, तपासायचं सेटरने. पन्नाशीच्या माणसासमोर कोरा कागद ठेवला तर तो कोराच परत येतो. 'कसं करता?' असं विचारलं की 'सवयीने' हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: कुठे थांबता? काय दिसलं की फीड होल्ड (टूलची चाल थांबवणारं बटण) दाबता? नवीन पोरगं इथे काय चुकवतं? मोबाईलला बंदी असेल तर सुपरवायझरच्या टॅबवर सेटरच्या परवानगीने हातांचं चित्रण करा, चेहऱ्याची गरज नाही.

सॉफ्ट जॉ बोअर करण्याचा तक्ता असा निघतो:

- पायरी: चकचा दाब लावणे. मुद्दा: जॉब पकडताना जेवढा, तेवढाच. कारण: दाब बदलला की जॉ वेगळे झुकतात.
- पायरी: मागे रिंग पकडून बोअर मारणे. मुद्दा: जॉ मोकळे ठेवून कधीच नाही. कारण: मोकळ्या जॉचा बोअर जॉब पकडल्यावर तोंडाशी उघडतो आणि जॉब फक्त मागे धरला जातो.
- पायरी: कोपऱ्यात खाच काढणे. मुद्दा: जॉब टेकतो तिथेच. कारण: खाच नसेल तर बर किंवा चिप कोपऱ्यात अडकते आणि जॉब तिरका बसतो.
- पायरी: डायल लावून रनआउट (फिरताना जॉब किती डुगडुगतो ते) पाहणे. मुद्दा: ड्रॉइंगला जेवढा चालतो त्याच्या निम्म्यात. कारण: उरलेला निम्मा मशिन आणि टूल खातात.

पातळ रिंगचा तक्ता करताना एक गोष्ट नक्की विचारून घ्या, कारण ती पुस्तकी मुलाला सहसा ठाऊक नसते. दाब जास्त झाला की तीन जॉमध्ये रिंग दबते. पकडलेल्या अवस्थेत बोअर गोल लागतो, सोडल्यावर रिंग मोकळी होऊन बोअर त्रिकोणी होतो. दोन टोकांच्या बोअर डायलला हा त्रिकोण बहुधा दिसत नाही, मुलगा 'ओके' लिहितो आणि असेंब्लीत बेअरिंग अडकतं. तीन टोकांच्या बोअर मायक्रोमीटरने, तो थोडा थोडा फिरवत माप घ्यायचं. जुना सेटर दाब अंदाजाने लावतो. कागदावर मात्र दाबाचा आकडा यायला हवा.

तक्ता झाला की सेटर एक पीस बोलत बोलत करून दाखवतो. मग मुलगा तीन पीस करतो आणि प्रत्येक पायरीला मुद्दा व कारण तोंडाने सांगतो. अडखळला तर त्याला हसायचं नाही, तक्ता दुरुस्त करायचा. शिकणारा शिकला नाही तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही, असं त्या उपक्रमाचं सूत्रच होतं.

उलट दिशेचं शिकणं

जुन्या हाताची स्क्रीनवरची सर्वांत महागडी चूक ऑफसेटच्या (टूलच्या जागेची दुरुस्ती भरायच्या) पानावर होते. हातचाकावर चार रेघा जास्त गेल्या तर मागे येता येतं. इथे ०.०५ ऐवजी ०.५ टाकलं, किंवा आधीच्या आकड्यात मिळवायचं तिथे तो पुसून नवा टाकला, की टूल जॉबमध्ये घुसतं. म्हणून मुलाने सगळा मेनू दाखवत बसू नये. एका दिवसात एकच पान. की-बोर्डावर बोट शिकणाऱ्याचं, शिकवणाऱ्याचे हात मागे बांधलेले. मुलं पटकन स्वतः बटणं दाबून 'झालं बघा काका' म्हणतात, त्यातून काका काहीच शिकत नाहीत. ऑफसेट बदलल्यावरचा पहिला पीस ०.२ मिमी जास्त ठेवून, सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीला थांबत), रॅपिड (टूलच्या मोकळ्या हालचालीचा वेग) सर्वांत कमी करून चालवायचा. हे लॅमिनेट करून पॅनेलला लावा आणि सगळ्यांना लागू करा.

कित्येकदा अडचण डोक्याची नसून डोळ्यांची असते. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं आणि मायक्रोमीटरच्या रेघा चुकतात. तपासणीच्या टेबलावर थेट उजेड, डिजिटल मायक्रोमीटर आणि नंबरचे सेफ्टी गॉगल एवढ्याने बरेच वाद मिटतात. जड चक आणि जॉ उचलायला मात्र होइस्ट लावा. 'तू तरणाबांड आहेस, उचल' हा नियम झाला तर पंचविशीतच पाठ जाते.

हाक, हुकूम आणि ग्रुप

चोवीस वर्षांचा डिप्लोमावाला सुपरवायझर आणि बावन्न वर्षांचा ऑपरेटर, ही सर्वांत नाजूक जोडी. 'काका' म्हणायला हरकत नाही, पण आदरापोटी हुकूम पातळ करू नका. 'जरा बघा ना' यातून काही कळत नाही. 'काका, या बॅचला दर दहाव्या पीसला बोअर तपासून लिहायचा' हे कळतं. फ्लोअरवर दोन्ही बाजूंनी 'तुम्ही'. 'ए पोरा' चहाच्या टपरीवर शोभतं. मुलगी अप्रेंटिस असेल तर जुने लोक तिला मशिनपासून लांब, कागदांवर बसवतात. काळजीपोटीच, पण तिचा गोल पावावरच राहतो.

शिफ्ट बदलताना दहा मिनिटं दोघं मशिनपाशी उभे राहू द्या. तीनच गोष्टी सांगायच्या: शेवटचा ऑफसेट किती आणि कुठल्या टूलला हलवला, इन्सर्टचा कोपरा कितव्या पीसला बदलला, आवाज किंवा कंपन वेगळं वाटलं का. व्हॉट्सॲप ग्रुपवर हे चालत नाही. तिथे रिजेक्ट पीसचा फोटो कोणाच्या नावानिशी टाकायचा नाही. माणसाला आधी समोर भेटून सांगायचं. एका फोटोने महिनाभराची बोलाचाल बंद होते.

कोण बरोबर, यावर वाद झाला तर

दोन्ही पद्धतींनी पाच-पाच पीस काढा आणि मोजा. मोजण्याआधी पीस थंड होऊ द्या. ६० मिमी व्यासाचा पोलादी जॉब खोलीपेक्षा २० अंश गरम असेल तर सुमारे १४ मायक्रॉन मोठा भरतो. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) २० मायक्रॉनचा असेल तर गरम मापावरून ऑफसेट हलवणाऱ्याचा पुढचा लॉट अंडरसाइज जातो. मुलाला वाटतं काका उगाच वेळ काढतायत, आणि काकांना कारण सांगता येत नाही. आकडा दोघांसमोर ठेवला की मोजणीआधीचा थांबा तक्त्यात शिरतो. उलट कूलंटच्या बाबतीत मुलाचा रिफ्रॅक्टोमीटर (द्रावणाचं प्रमाण दाखवणारं उपकरण) बोटांच्या चाचपणीला हरवतो. तिथे काकांनी मान्य करायचं.

तीन महिन्यांनी परीक्षा घ्या. सेटरला आधी ठरवून दोन दिवस रजेवर पाठवा, फोन न करण्याच्या बोलीवर. त्या दोन दिवसांत ज्या-ज्या ठिकाणी मुलाचा हात फोनकडे गेला, ती यादी त्याने लिहून ठेवायची. सेटर परतला की त्याच यादीवरून पुढचे तक्ते करायला घ्या.