गालिच्यांचे डाग काढण्याच्या कामात येताय? मग आधी हे वाचा

या कामात नवीन आलेली मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, कुठल्या डागाला कुठली बाटली? प्रश्न रास्त आहे, पण त्याची पाळी सगळ्यात शेवटी येते. त्याआधी गालिचा कशाचा आहे, डाग कशाचा आहे आणि आपण पोचण्याआधी त्यावर काय काय ओतून झालंय, एवढं कळायला हवं. शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर सहसा पहिल्या फटक्यात मिळत नाही. ‘काही नाही हो, नुसत्या पाण्यानं पुसलं’ असं सांगतात आणि गालिच्याला भांड्यांच्या साबणाचा वास येत असतो. न चिडता पुन्हा विचारा. कोणी क्लोरीनचं ब्लीच ओतलं असेल आणि तुम्ही त्यावर व्हिनेगर मारलंत, तर खोलीत विषारी क्लोरीन वायू सुटेल.

आता धागा. लेबलवर विसंबू नका. मालकाची परवानगी घेऊन उलट बाजूनं एखाद-दुसरा तंतू काढा, बाहेर जाऊन चिमट्यात धरा आणि पेटवा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरते. नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळून त्यांचा टणक मणी होतो. कागदासारखं भुरकन जळलं तर सूत नाहीतर व्हिस्कोज. रेशमासारखं चमकणारं व्हिस्कोज भिजलं की कमजोर होतं, पिवळं पडतं आणि त्याची लव, म्हणजे वरचे उभे धागे, एकदा आडवी झाली की सहसा पहिल्यासारखी उभी राहत नाही. नवख्यानं व्हिस्कोजचं काम सरळ नाही म्हणावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

लोकरीला अल्कली, म्हणजे सोड्यासारखे क्षार, सोसत नाहीत, म्हणून कपडे धुण्याची पावडर तिच्या आसपासही नको. क्लोरीनचं ब्लीच तर लोकर चक्क विरघळवतं. रक्त, दूध, अंडं यांच्या डागांवर चालणारी प्रोटीएज एन्झाइमची औषधंसुद्धा लोकर आणि रेशमावर वापरू नका. ही औषधं प्रथिनं तोडतात आणि हे दोन्ही धागे प्रथिनांचेच असतात.

रंग पक्का आहे का, हे कोपऱ्यात बघा. जे औषध वापरणार, त्यातच पांढरं फडकं भिजवून थोडा वेळ दाबून धरा. फडक्यावर रंग उतरला तर तिथंच थांबा.

हात बसवायचा असेल तर कॉफीच्या डागावर बसवा. फिकट नायलॉनच्या गालिच्यावर ताजी कॉफी सांडली आहे असं धरू. पांढऱ्या सुती कापडाची चौपदरी घडी घ्या, तळहातानं दाबा, उचला, कोरडी बाजू पुढं करा, पुन्हा दाबा. डागाच्या कडेपासून मध्याकडे या, उलट गेलात तर डाग पसरेल. कितीही मोह झाला तरी घासायचं नाही. घासल्यानं लवेचा पीळ उकलतो आणि डाग निघाला तरी तेवढी जागा कायम विस्कटलेली दिसते. टिपून काही येईनासं झालं की थोडं पाणी, पुन्हा टिपणं. मग पाणी घालून सौम्य केलेलं पांढरं व्हिनेगर, पुन्हा टिपणं. तरी पिवळट झाक राहिली तर साध्या पाण्यानं व्हिनेगर काढून टाका आणि रंगाची चाचणी करूनच ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावा. ही दोन्ही एका बाटलीत कधीच मिसळू नका. शेवटी साधं पाणी.

इथं बहुतेक जण सामान आवरतात आणि दोन दिवसांनी फोन येतो, डाग परत आला! तो गेलेलाच नसतो. कॉफी खाली गालिच्याच्या पाठीपर्यंत उतरलेली असते आणि वरचा भाग सुकायला लागला की वातीत तेल चढावं तशी लवेच्या टोकाशी येते. म्हणून ओल्या जागेवर कागदी रुमालांची जाड गड्डी, वर प्लास्टिक, त्यावर जड वजन ठेवून रात्र जाऊ द्या. सकाळी तपकिरी कडं गालिच्यावर नाही, कागदावर दिसतं. काही दिवसांनी तिथंच करडा डाग उमटला तर तो बहुधा साबणाचा दोष असतो. आत राहिलेला साबण चिकट असतो, तो बुटांची धूळ धरतो.

बाकीचं भरभर सांगतो. रक्ताला थंड पाणीच, ऊन पाण्यानं ते पक्कं बसतं. तेलकट डागाला आधी कॉर्नस्टार्च, मग फडक्यावर घेतलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल. थेट ओतलं तर पाठीचा गोंद सुटू शकतो. च्युइंगगम बर्फानं कडक करून खरवडा. मेणावर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवतात, पण पॉलिप्रॉपिलिन हा कृत्रिम धागा १६५ अंश सेल्सिअसच्या सुमाराला वितळतो, तिथं इस्त्री नको. मांजराच्या मूत्राची जागा अतिनील टॉर्चनं अंधारात शोधा, खालचा फोम भिजला असेल तर वरवरची सफाई फुकट जाते.

काही डाग डाग नसतातच. मुरुमांच्या काही क्रीममध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड असतं, ते लागलं की रंगच उडतो आणि नारिंगी-पिवळा ठिपका राहतो. ओल्या फडक्यावर काहीच उतरत नसेल तर ही शंका घ्या आणि काम सुरू करण्याआधीच मालकाला दाखवा. तिथं सफाई उपयोगाची नाही, पुन्हा रंग भरावा लागतो आणि ते वेगळं कसब आहे. एकूणच ‘निघेल’ असं तोंडावर म्हणू नका. ‘कोपऱ्यात करून बघू, मग सांगतो’ म्हणा आणि हात लावण्याआधी उजेडात फोटो काढून ठेवा.

सरावाला दुकानांतून उरलेले तुकडे मागून आणा, वेगवेगळ्या धाग्यांचे. त्यावर मुद्दाम सांडा, काही तुकडे लगेच साफ करा, काही आठवडाभर तसेच ठेवून मग. कशावर काय चाललं ते वहीत लिहा. आणि गुडघ्यांखाली घ्यायला जाड फोमचा तुकडा आजच घ्या, हे काम वाकून होत नाही, बसून करावं लागतं.