कोथिंबिरीवरची माशी आणि चिप्सचा डबा

गच्चीवरच्या कुंडीतली कोथिंबीर फुलावर आली की सिरफिड माश्या हमखास येतात. पिवळे-काळे पट्टे बघून आई अजूनही 'गांधीलमाशी!' म्हणून मागे सरते. पण हिला पंख दोनच, नांगी नाहीच, आणि हिच्या अळ्या झाडांवरची मावा ही कीड खातात. म्हणून मी कोथिंबीर उपटत नाही.

फोटो मात्र महिनाभर वाया गेले. १०० मिमी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून टिपणारी), एफ/४ म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं, भर दुपारचं ऊन. एक डोळा फोकसमध्ये, बाकी धूसर. छिद्र लहान केलं तर शटर मंदावायचं आणि वाऱ्यावर डुलणारं फूल हलून जायचं. एफ/२२ करून, म्हणजे छिद्र अगदी बारीक करून पाहिलं, तर सगळंच मऊ, धारदारपणा नसलेलं आलं.

शेवटी फ्लॅश लावला. एफ/११, १/२०० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २००, फ्लॅशची ताकद पूर्णच्या १/१६. इतक्या कमी ताकदीवर लखलखाट क्षणाच्याही अंशभर टिकतो, त्यामुळे हालचाल गोठते. पण माशीच्या पाठीवर पांढरे चट्टे उमटले! मग चिप्सचा उभा डबा कापला, आत चकचकीत होताच, तोंडाला ट्रेसिंग पेपरचे दोन थर लावले आणि तो फ्लॅशवर, लेन्सच्या टोकापर्यंत ओढून बसवला. चट्टे गेले.

ऑटोफोकस बंद. अंतर ठरवून टाकायचं आणि श्वास रोखून अंगच तसूतसूने पुढे न्यायचं. सकाळी सातला, गारव्यात माशी सुस्त असते तेव्हा. सावली मात्र तिच्यावर पडू द्यायची नाही. पडली की उडालीच.

परवा चाळीसात सहा फोटो लागले. पाठ अजून दुखतेय.