सावलीतला भुईचाफा

फणसाखाली काहीच येत नाही म्हणून माझ्या आईने तिथे भुईचाफा लावला. आता ती जागा मी सांभाळते.

झाड कर्दळीएवढंही वाढत नाही, पण एप्रिल-मेमध्ये एकही पान नसताना सरळ मातीतून पांढरी-जांभळी फुलं उमलतात. फूल जेमतेम एक दिवस टिकतं. सकाळी वाकून वास घ्याच!

कंद फेब्रुवारी-मार्चमध्ये लावा. जागा अशी हवी, जिथे सकाळचं कोवळं ऊन येईल आणि दुपारी सावली असेल. दोन भाग माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग शेणखत. माती चिकट असेल तर मूठभर वाळू घाला. कंद दोन इंच खोल, वीतभर अंतरावर.

पावसाळ्यात पानं येतात: वर हिरव्यावर चट्टे, खालून जांभळी. तेव्हा पाणी साचू देऊ नका, एवढंच.

खरी परीक्षा हिवाळ्यात. पानं पिवळी पडून झोपतात आणि झाड मेलं असं वाटतं. मेलेलं नसतं. त्या वेळी पाणी पूर्ण बंद. एका वर्षी मी माया करत रोज पाणी घालत राहिले आणि अर्धे कंद कुजले. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून जागेवर काठी रोवून ठेवते, म्हणजे चुकून कुदळही लागत नाही.

तीन-चार वर्षांनी गड्डा दाटला की पानं गेल्यावर उकरा, डोळा असलेले तुकडे करा. निम्मे शेजारी द्या. आईला तसेच मिळाले होते.