सेसना 172 च्या नोज स्ट्रटची सर्व्हिसिंग : काम हाती घेण्यापूर्वीची तयारी

सेसना 172 या एका इंजिनाच्या छोट्या विमानाचे मुख्य पाय लवचिक पोलादाचे असल्यामुळे त्यांत ना तेल असते ना हवा. पुढच्या चाकाचा भार मात्र फायरवॉलला (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या पत्र्याच्या भिंतीला) जोडलेला ऑलिओ स्ट्रट, म्हणजे तेल आणि हवा भरलेला, लांबणारा-आखडणारा पाय, पेलतो, आणि म्हणून हँगरमध्ये सस्पेन्शनचे जे नियमित काम निघते ते बहुतेक सगळे या एका स्ट्रटचे, त्याच्या टॉर्क लिंकचे (स्ट्रटचे वरचा आणि खालचा भाग जोडणाऱ्या कात्रीसारख्या सांध्याचे) आणि शिमी डॅम्परचे (चाकाची थरथर रोखणाऱ्या उपकरणाचे) असते. सकाळी स्ट्रट बसलेला, म्हणजे खाली दबलेला, दिसला की पंप लावून हवा भरायची आणि विमान उड्डाणाला द्यायचे, ही सवय अनेक ठिकाणी रुळलेली आहे. ती मोडली पाहिजे असे मला मनापासून वाटते. खाली दिलेल्या तयारीचा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे : आधी तेल, मग हवा.

याचे कारण स्ट्रटच्या रचनेतच आहे. स्ट्रटमधली हवा स्प्रिंगचे काम करते. ती विमानाचे नाक उचलून धरते, पण दणका जिरवत नाही. दणका जिरवते ते तेल. पिस्टन वर सरकतो तेव्हा तेल एका अरुंद छिद्रातून जोराने ढकलले जाते, निमुळत्या मीटरिंग पिनमुळे ती वाट चाकाच्या हालचालीबरोबर कमी-अधिक होते, आणि धक्क्याची ऊर्जा तिथेच उष्णता होऊन संपते. तेल कमी असलेल्या स्ट्रटमध्ये हवा भरली तर गेजवर आकडा बरोबर येतो, स्ट्रट ताठ उभा राहतो आणि पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. मात्र शिकाऊ वैमानिकाने नाक जरा जोरात टेकवले की छिद्रातून तेलाऐवजी हवाच निसटते, स्ट्रट तळाला आदळतो आणि धक्का थेट फायरवॉलच्या पत्र्यावर जातो. गेज हवेचा दाब दाखवते, तेलाची पातळी दाखवत नाही, हे काम सांगणाऱ्याने आणि करणाऱ्याने दोघांनीही लक्षात ठेवावे.

पहिली तयारी कागदपत्रांची. त्या मॉडेलचे आणि त्या सिरीयल नंबरला लागू असलेले मेंटेनन्स मॅन्युअल, त्याची चालू आवृत्ती, पार्ट्स कॅटलॉग आणि विमानाचे लॉगबुक टेबलावर असल्याशिवाय पाना उचलू नये. आकडे तोंडपाठ असले तरी मॅन्युअल उघडावे, कारण दिसायला सारखे असलेले स्ट्रट सारख्या दाबाचे नसतात. 172 च्या नोज स्ट्रटला 45 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) लागतात, तर शेजारी उभ्या असलेल्या सेसना 152 ला फक्त 20. पायपर कंपनीच्या पीए-28 या विमानांच्या मालिकेत तर पद्धतच वेगळी आहे. तिथे दाबाऐवजी उभ्या विमानाच्या नोज स्ट्रटचा चकचकीत भाग किती उघडा दिसतो ते मोजतात, आणि तो 3.25 इंच असावा लागतो. टायरच्या आकड्याचीही गल्लत होते. 172 एन च्या पुढच्या टायरला 31 पीएसआय, तर 172 एस च्या टायरला 45, म्हणजे एस मध्ये टायर आणि स्ट्रट दोन्हींचा आकडा एकच आणि एन मध्ये वेगळा. एकाच हँगरमध्ये दोन्ही मॉडेले असतील तर कामाच्या कागदावर दोन्ही आकडे नावानिशी स्वतंत्र लिहून घ्यावेत. लॉगबुकमध्ये मागच्या काही महिन्यांत या स्ट्रटमध्ये किती वेळा हवा भरली आणि त्यांतल्या किती वेळा तेल पाहिले, हेही शोधावे. हवेच्याच नोंदी पुन्हा पुन्हा दिसत असतील तर सील बदलण्याचे काम गृहीत धरून वेळ ठेवावा.

साहित्यात सर्वांत महत्त्वाचे तेल. एमआयएल-एच-5606 या जातीचे, लाल रंगाचे, खनिज हायड्रॉलिक तेल सीलबंद डब्यात असावे; आधीपासून उघडा पडलेला डबा वापरू नये, कारण तेलातली धूळ सीलच्या कडेवर पॉलिश पेपरसारखी चालते. मोटारीचे ब्रेक ऑइल किंवा मोठ्या जेट विमानांत वापरतात ते फॉस्फेट एस्टर जातीचे तेल या स्ट्रटच्या रबरी सीलना चालत नाही. ती फुगतात आणि मऊ पडतात. तेलाबरोबर स्वच्छ नरसाळे, पारदर्शक नळी, खाली ठेवायला पसरट भांडे आणि धागे न सुटणारे फडके घ्यावेत. हवेसाठी कोरडा नायट्रोजन उत्तम, कारण त्याच्याबरोबर ओल आत जात नाही. पण भरलेल्या सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो आणि आपल्याला जेमतेम तीन बार हवे असतात, तेव्हा चांगल्या स्थितीतल्या रेग्युलेटरशिवाय सिलिंडर स्ट्रटजवळ आणूच नये. गेज शून्य ते शंभर पीएसआयच्या टप्प्यातले आणि कॅलिब्रेशनची मुदत न संपलेले असावे. स्ट्रटमधली हवेची जागा लहान असल्यामुळे गेज लावता-काढताना सुटणारी थोडीशी हवाही आकडा खाली आणते, म्हणून गळती न होणारी जोडणी असलेली नळी मिळाली तर तीच घ्यावी. कॅटलॉगमध्ये दिलेल्याच क्रमांकाचा व्हॉल्व्ह कोअर (हवेच्या व्हॉल्व्हचा आतला भाग), नव्या कॉटर पिन, सेफ्टी वायर, टॉर्क रेंच, ग्रीस गन, टॉर्च आणि लहान आरसा एवढे जवळ असले की मध्येच उठावे लागत नाही.

विमान सपाट, स्वच्छ फरशीवर, शक्यतो हँगरच्या आत उभे करावे. मुख्य चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. नुसत्या पार्किंग ब्रेकवर विसंबू नये. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा) स्विच बंद, किल्ली कामाच्या प्रमुखाच्या खिशात, मिक्स्चरचा (इंजिनाचे इंधन तोडणारा) दांडा मागे ओढलेला आणि कॉकपिटमध्ये कोणीही नाही, हे स्वतः पाहावे. हवा सोडली की नाक खाली येते आणि पंख्याचे पाते फरशीजवळ जाते, म्हणून पाते आधीच आडवे करून ठेवावे. टो बार (विमान ओढण्याचा दांडा) काढून बाजूला ठेवावा. नाक उचलण्यासाठी शेपटीच्या रिंगेला मॅन्युअलप्रमाणे वजन बांधावे किंवा शेपटीचा स्टँड वापरावा. हाताने दाबायचेच असेल तर टेलकोनवर (शेपटीकडच्या निमुळत्या भागावर), आतल्या बल्कहेडच्या (आडव्या आधारभिंतीच्या) रेषेवर दाबावे. शेपटीच्या आडव्या पंखावर (स्टॅबिलायझरवर) भार देऊन नाक उचलण्याची पद्धत सोयीची वाटली तरी तिथल्या पत्र्याला आणि जोडांना ती हळूहळू खराब करते.

त्यानंतरची पाहणी हा या तयारीचा गाभा आहे, आणि ती हवा सोडण्याच्या आधीच करायची असते. स्ट्रटच्या चकचकीत नळीवर टॉर्च तिरकी धरावी. सील जिथे संपते तिथे बहुधा धूळ आणि तेल मिसळून झालेले काळपट कडे दिसते. ते पातळ आणि कोरडे असेल तर चिंता नाही, पण त्याखाली लाल ओघळ फोर्कपर्यंत (चाक धरणाऱ्या दुहेरी फाट्यापर्यंत) उतरलेला असेल तर सील गळत आहे. हे कडे कोरड्या फडक्याने कधीही घासू नये; फडका त्याच हायड्रॉलिक तेलात भिजवून पुसावे, म्हणजे मातीचे कण नळीवर चरे पाडणार नाहीत. पुसल्यावर नळीवरून नख हळू फिरवावे. पावसाळ्यानंतर क्रोमवर टोचल्यासारखे बारीक खड्डे पडलेले आढळतात, आणि नख जिथे अडकते तिथे नवे सीलही फार दिवस टिकत नाही.

गळतीचा रंग पाहून तिचा माग काढावा. तपकिरी किंवा काळे तेल इंजिनकडून आलेले असते. लाल तेल बहुतेक वेळा स्ट्रटचे किंवा शिमी डॅम्परचे असते, पण ब्रेकचे तेलही त्याच जातीचे आणि पायातल्या पेडलांजवळचे मास्टर सिलिंडर फायरवॉलच्या लगतच असल्यामुळे तिकडेही एकदा नजर टाकावी. फायरवॉलवर स्ट्रटच्या बैठकीभोवती पत्र्याच्या सुरकुत्या, सैल रिव्हेट किंवा रिव्हेटभोवती काळी भुकटी दिसली तर स्ट्रटचे काम तिथेच थांबवून आधी तो विषय परवानाधारक इंजिनिअरपुढे ठेवावा. नाक उचललेले असताना चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवावे आणि खेळ नेमका कुठून येतो ते ओळखावे : टॉर्क लिंकच्या बुशमधून (सांध्यातल्या लहान नळीतून), डॅम्परच्या टोकाच्या बोल्टमधून की चाकाच्या बेअरिंगमधून. धावपट्टीवर नाक थरथरते अशी तक्रार आली की सगळा दोष डॅम्परवर जातो. प्रत्यक्षात झिजलेली बुश आणि असमान झिजलेला टायर यांचा वाटा पुष्कळदा मोठा असतो, आणि नवा डॅम्पर बसवूनही थरथर तशीच राहते.

एवढे झाल्यावरच प्रत्यक्ष कामाचा क्रम सुरू करावा. हवा पूर्ण सोडल्याची खात्री झाल्याखेरीज टॉर्क लिंक किंवा स्ट्रटच्या माथ्याचा बोल्ट काढू नये, कारण आत दाब असताना लिंक सुटली तर खालचा भाग जोराने बाहेर फेकला जातो आणि हात जायबंदी होऊ शकतो. मग व्हॉल्व्ह काढावा, स्ट्रट पूर्ण दाबलेल्या स्थितीत भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल भरावे, आत अडकलेली हवा निघून जाण्यासाठी स्ट्रट अनेकदा खाली-वर करावा आणि पातळी पुन्हा पाहावी. बुडबुडे थांबेपर्यंत घाई करू नये. व्हॉल्व्ह बसवून चाक जमिनीपासून सुटे असतानाच 45 पीएसआय भरावेत. विमान उंच दिसावे म्हणून चार पीएसआय जास्त घालण्याचा मोह टाळावा. या विमानात स्ट्रट पूर्ण लांबला की चाक सरळ रेषेत अडकते, उड्डाणात ते गरजेचेच असते, पण जमिनीवर नाक गरजेपेक्षा उंच राहिले तर स्टिअरिंग जड होते.

आपल्याकडच्या हवामानाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. धुळ्यात किंवा बारामतीत हिवाळ्याच्या पहाटे 10 अंशांवर भरलेले 45 पीएसआय उन्हाळ्याच्या दुपारी 42 अंशांवर, स्ट्रट तेवढाच लांबलेला असताना, साधारण 52 होतात. उलट दुपारी भरलेला स्ट्रट पहाटे बसलेला दिसतो आणि गळती नसताना गळतीचा संशय येतो. म्हणून दाबाबरोबर त्या वेळचे तापमानही लिहावे.

लॉगबुकमध्ये किती तेल घातले, दाब किती, तापमान किती, टॉर्क लिंकमध्ये किती खेळ आढळला आणि ग्रीस दिले का, हे सगळे नोंदवावे. काम सहायकाने केले असले तरी सही आणि रिलीज अधिकार असलेल्या परवानाधारक इंजिनिअरचेच. शक्य असेल तर विमान रात्रभर तसेच उभे ठेवावे आणि सकाळी, त्याच तापमानाच्या आसपास, नाक उचलून दाब पुन्हा पाहावा. तो उतरला असेल तर आधी व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते तपासावे. तिथे काही नसेल आणि नळीवर पुन्हा लाल ओल असेल, तर हवा न भरता सीलचा संच मागवावा आणि तो येऊन बसेपर्यंत विमान उड्डाणाच्या तक्त्यातून काढून ठेवावे.