दोन मिनिटांची सुरुवात: विद्यार्थी चित्रपटाच्या नियोजनातल्या या चुका टाळा

केंब्रिज इंटरनॅशनलच्या एएस पातळीवरील (ए लेव्हलचा पहिला टप्पा) मीडिया स्टडीज या विषयात विद्यार्थ्यांना एका नव्या काल्पनिक चित्रपटाची सुरुवात, शीर्षकांसह (म्हणजे पडद्यावर येणाऱ्या नावांसह), करून दाखवायची असते. लांबी जास्तीत जास्त दोन मिनिटे, गट जास्तीत जास्त चौघांचा, आणि चित्र व ध्वनी स्वतः तयार केलेले. सवलत आहे ती फक्त कॉपीराइटमुक्त संगीताला आणि ध्वनिपरिणामांना. पुण्यात हा विषय शिकवताना मी दरवर्षी तेच पाहते. काम जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोणीतरी मामाचा कॅमेरा गळ्यात अडकवून वर्गात येतो आणि विचारतो, "मॅडम, शूट कधी करायचं?" कथा ठरलेली नसते, जागा पाहिलेली नसते, पण शूटची घाई झालेली असते. पुढे होणाऱ्या बहुतेक चुका या घाईतूनच जन्माला येतात, आणि संकलनाच्या टेबलावर त्या दुरुस्त होत नाहीत.

पहिली चूक म्हणजे सुरुवातीऐवजी आख्खा चित्रपट करणे. दोन मिनिटांत खून, तपास, संशयिताची कबुली आणि वर एक धक्का देणारा शेवट. हा झाला लघुपट, आणि तोही घाईतला. काही गट उलट टोकाला जाऊन ट्रेलर करतात: पळणारे पाय, किंचाळी, काळा पडदा, पुन्हा पळणारे पाय. सुरुवातीने प्रेक्षकाला एक जग दाखवावे, एका माणसाजवळ नेऊन उभे करावे आणि एक प्रश्न मनात ठेवून पुढे जावे. उत्तर देणे हे उरलेल्या दोन तासांचे काम आहे. म्हणून मी प्रत्येक गटाला त्यांच्या चित्रपटाचा शेवट एका चिठ्ठीवर लिहायला लावते आणि ती पाकिटात घालून माझ्या कपाटात ठेवते. त्या चिठ्ठीतली कोणतीही गोष्ट पहिल्या दोन मिनिटांत उघड झालेली दिसली की पटकथा परत जाते. ज्यांना शेवट लिहिताच येत नाही, त्यांच्याकडे अजून चित्रपटच नाही, फक्त एक शॉट सुचलेला आहे, हेही त्यातून आपोआप कळते.

आता माझ्या खास रागाचा विषय: संशोधन, म्हणजे आपल्यासारख्या चित्रपटांच्या सुरुवाती आधी पाहून अभ्यासणे. "थ्रिलरमध्ये मंद प्रकाश असतो, संगीत गूढ असते, नायक एकटा असतो." असली वाक्ये मी इतक्यांदा वाचली आहेत की मुलाने लिहायला सुरुवात केली की मी ती पूर्ण करू शकते. ही वाक्ये खोटी नाहीत, पण ती लिहायला एकही चित्रपट पाहावा लागत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न विचारते: 'शोले' कशाने सुरू होतो? बहुतेक हात वर जातात आणि उत्तर येते, रेल्वेवरच्या दरोड्याने. प्रत्यक्षात १९७५ सालचा हा चित्रपट सुरू होतो तो एका आडवळणाच्या स्टेशनवर उतरणाऱ्या जेलरपासून. त्याला घ्यायला ठाकूरचा नोकर घोडे घेऊन आलेला असतो, आणि दोघे खडकाळ माळरानातून निघतात त्या प्रवासावर शीर्षके येतात. रेल्वेची मारामारी नंतर, ठाकूरने सांगितलेल्या आठवणीत येते. म्हणजे ज्या चित्रपटाचे संवाद घरातल्या सगळ्यांना पाठ आहेत, त्याची सुरुवातसुद्धा आपल्याला आठवणीच्या भरवशावर सांगता येत नाही. आठवणीवर केलेल्या संशोधनाची किंमत मग आणखी वेगळी सांगायला नको.

त्या घोडदौडीकडे नीट पाहिले, तर नियोजनाचा एक पूर्ण धडा मिळतो. शीर्षकांना वेळ लागतो हे निर्मात्यांना माहीत आहे, म्हणून त्या वेळात त्यांनी प्रदेश दाखवून घेतला आहे: रेल्वेपासून गाव किती दूर आहे, वाटेत वस्ती किती विरळ आहे, इथे पोलीस वेळेवर पोहोचणार नाहीत हे सगळे एकाही संवादाशिवाय कळते. तसाच २०१४ सालचा 'कोर्ट'. नाव न्यायालयाचे, पण सुरुवात होते एका वृद्ध माणसापासून, जो घरी मुलांची शिकवणी घेत आहे. पुढे तो शाहीर म्हणून मंचावर उभा राहतो, त्याला अटक होते, तेव्हा आपण एका आरोपीला नव्हे तर एका मास्तरांना ओळखत असतो. "कोर्टरूम ड्रामाची सुरुवात न्यायालयात होते" असे लिहिणाऱ्याने हे पाहिलेले नसते.

माझी स्वतःची पद्धत जुनी आहे आणि मुलांना ती कंटाळवाणी वाटते. एक आडवी रेघांची वही घ्यायची आणि पाच रकाने आखायचे: वेळ, शॉट, आवाज, पडद्यावरची अक्षरे, आणि "आता मला काय कळले". कोणत्याही एका चित्रपटाची पहिली दोन मिनिटे तीनदा पाहायची. एकदा सरळ, एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्यावर टॉवेल टाकून फक्त ऐकत. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच रिकामा राहतो, कारण तो भरायला विचार करावा लागतो. अशा तीन सुरुवाती एका आठवड्यात नीट होतात. पंधरा चित्रपटांची यादी आणि प्रत्येकापुढे विकिपीडियावरून उचललेल्या दोन ओळी एका संध्याकाळी होतात आणि त्यांचा काहीही उपयोग नसतो. एआयच्या यंत्राकडून सारांश लिहून आणण्याचा नवा आळस गेल्या काही वर्षांत सुरू झाला आहे. त्यात निदान शुद्धलेखन बरे असते, एवढेच त्याचे कौतुक.

दुसरा रागाचा विषय म्हणजे रेकी, चित्रणाची जागा आधी जाऊन पाहून येणे. या चुकीत मीही सामील होते, म्हणून ती सविस्तर सांगते. एका गटाने पेठेतला एक जुना वाडा निवडला होता. मधला चौक, लाकडी जिना, वरचा सज्जा. एकंदर दृश्य असे की कॅमेरा कुठेही ठेवावा. कथेत एक आजी पहाटे जिना उतरते, उघडे दार पाहते आणि हळूच म्हणते, "कडी कोणी काढली?" सगळी सुरुवात त्या एका वाक्यावर टेकलेली होती. आजी म्हणून गटातल्या एका मुलीची खरी आजी तयार झाली होती आणि तिने पाठांतरही चोख केले होते. मुलांनी गुरुवारी दुपारी जाऊन रेकी केली, फोटो काढले आणि कागदावर "आवाज" या शब्दापुढे "शांत" असे लिहून आणले. त्या कागदावर मी सही केली.

शूट शनिवारी होते. सकाळी साडेनऊला कॅमेरा लागला आणि पावणेदहाला भिंतीपलीकडची पिठाची गिरणी सुरू झाली. गुरुवार हा तिचा सुट्टीचा वार होता. दळणाची ती घरघर जिन्याच्या फळ्यांतूनसुद्धा जाणवत होती. मुले गिरणीवाल्या काकांना विनवायला गेली. काकांनी दहा मिनिटे गिरणी बंदही ठेवली, पण डबे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायका ऐकेनात, आणि त्यांचे काय चुकले? त्या दहा मिनिटांत आजी दोनदा वाक्य बरोबर बोलल्या. पहिल्या वेळी वर सज्जात कोणाचा तरी कुकर शिटी देत होता, दुसऱ्या वेळी कॅमेरा सुरूच केलेला नव्हता. तोवर ऊन चौकात उतरले आणि "पहाट" संपली. नंतर आवाज वेगळा भरून घेण्याचा प्रयत्न झाला. ओठ आणि शब्द जुळवणे सरावलेल्या नटालाही जड जाते, तिथे बहात्तर वर्षांच्या आजींना दोष कोण देणार? पुढच्या गुरुवारी पुन्हा शूट ठरले, तर आजी नगरला लेकीकडे निघून गेल्या होत्या. शेवटी ते वाक्यच कापावे लागले आणि उरली फक्त जिना उतरणारी एक बाई.

तेव्हापासून रेकीच्या कागदावर मी तीन गोष्टींशिवाय सही करत नाही. रेकी शूटच्याच वारी आणि शूटच्याच वेळेला झालेली हवी. त्या जागी डोळे मिटून पाच मिनिटे उभे राहून मोबाइलवर घेतलेले ध्वनिमुद्रण मला ऐकवायला हवे. आणि तिथे राहणाऱ्या एका तरी माणसाला "इथे रोज या वेळेला काय काय होतं?" हे विचारलेले हवे, कारण गिरणी, भाजीवाला, शाळेची व्हॅन, पाणी येण्याची वेळ हे सगळे नकाशावर दिसत नाही. उजेडाचेही तसेच. ऑगस्टमध्ये ढगाळ हवेत पाहिलेली जागा डिसेंबरमध्ये तीच राहत नाही. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि "शाळा सुटल्यावर करू" म्हणणाऱ्या गटाच्या हाती अर्धा तास उरतो. खोलीत ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी असेल, तर रेकीलाच थोडे चित्रण करून पाहावे. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, मोबाइल मात्र बहुधा सेकंदाला ३० चौकटींवर (फ्रेम्सवर) लावलेला; मग चित्रात पट्टे सरकताना दिसतात. २५ चौकटी आणि १/५० सेकंद शटर (प्रत्येक चौकटीला उजेड मिळण्याचा वेळ) ठेवले की ते बहुतेक वेळा जातात.

स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉट्सची आधी काढलेली चित्रे, सुंदर करण्यात वेळ घालवू नये. काडीची माणसे पुरतात. यंत्राने काढून दिलेली देखणी चित्रे तर मी बघतही नाही, कारण त्यातला कॅमेरा जिथे उभा आहे, तिथे दहा बाय दहाच्या खोलीत कपाट असते. त्यापेक्षा खऱ्या जागी मोबाइलने फोटो काढावेत, ते एकामागोमाग लावून बरोबर १२० सेकंदांची पट्टी करावी आणि घरातल्या कोणाला तरी दाखवावी.

शीर्षके आधी मोजावीत. नऊ पाट्या, प्रत्येकी तीन सेकंद, म्हणजे सत्तावीस सेकंद. त्या कुठल्या शॉटवर येणार हे आधी ठरलेले नसेल, तर तो शॉट चेहऱ्याचाच निघतो. काल्पनिक निर्मिती संस्थेच्या फिरत्या सोनेरी बोधचिन्हाला पंधरा सेकंद देणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडले आहे.

नायक झोपेतून उठण्याची सुरुवात: गजर, उशी, आरसा, टूथब्रश. नको.

"प्रेक्षकवर्ग: १५ ते ३५" हे उत्तर नव्हे. २०२४ पासून आपल्याकडे सेन्सॉर बोर्डाच्या यूए प्रमाणपत्राचे वयानुसार ७+, १३+ आणि १६+ असे टप्पे झाले आहेत. आपल्या चित्रपटाला त्यातला कोणता मिळेल आणि कोणत्या शॉटमुळे, एवढे लिहिले तरी मित्रांकडून भरून घेतलेल्या पन्नास फॉर्मपेक्षा जास्त विचार होतो.

वर्गमित्राला वडिलांचा शर्ट आणि काजळाची मिशी देऊन इन्स्पेक्टर करू नये. सतरा वर्षांच्या मुलांची गोष्ट लिहावी, किंवा खऱ्या काकांना बोलवावे. काका लोक सहसा आनंदाने येतात आणि चहा त्यांचे तेच आणतात.

परवानगीचे काम शूटच्या सकाळी होत नाही. रेल्वे स्टेशनवर कॅमेरा लावायचा, तर रेल्वेची परवानगी लागते. शनिवारवाड्यासारख्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत कथापटाचे चित्रण करायचे, तर त्या खात्याची. दोन मिनिटांच्या कामासाठी हा व्याप करण्यापेक्षा ओळखीचा जिना शोधावा. सोसायटीत शूट असेल, तर सेक्रेटरींना शाळेच्या लेटरहेडवर आठ दिवस आधी पत्र द्यावे, त्यात तारीख, वेळ आणि मुलांची संख्या लिहावी, आणि पत्राची पोच सही घेऊन ठेवावी, कारण शूटच्या दिवशी वॉचमन ड्युटीवर नेमका नवा असतो.