घरात कुत्र्याचे फोटो काढताना या चुका टाळा

आमची मिरी काळीकुळकुळीत गावठी कुत्री. ती घरी आली त्या महिन्यात तिचे कितीतरी फोटो काढले, पण बहुतेकांत सोफ्यावर एक काळा गोळा आणि त्यात चमकणारे दोन हिरवे डोळे. फोन बदलायचा विचारही झाला. पण बिघाड फोनमध्ये नव्हताच, उजेडात होता.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात फोटो काढणं. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख दिसते, कॅमेऱ्याला मात्र तेवढा उजेड पुरत नाही. मग तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, १/३० सेकंद वगैरे, आणि तेवढ्यात कुत्र्याने मान वळवली की फोटो हलतो. शांत बसलेल्या कुत्र्यालाही साधारण १/२०० लागतं, खेळणाऱ्याला १/५००. प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग हाताने बदलता येतात त्या मोडमध्ये, जाऊन शटरचा वेग वाढवावा, तर कधीकधी फोटोवर आडवे पट्टे उमटतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाल्या ट्यूबचा किंवा स्वस्त एलईडीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि वेगवान शटरमध्ये ते पकडलं जातं. नाइट मोडही टाळा. तो एकापाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन एकत्र जोडतो. त्यात शेपटीचा नुसता धूर होतो.

म्हणून सकाळी, खिडकीपाशी. घरातले दिवे बंद करा, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळसर येतो. खिडकी कुत्र्याच्या पाठीमागे नको, बाजूला हवी. ऊन थेट आत येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. मिरीचं अंथरूण मी खिडकीपासून दोन हातांवर सरकवलं आणि पहिल्यांदा फोटोत तिच्या ओल्या नाकावरची बारीक जाळी दिसली, भुवईवरचे चार राठ केस दिसले.

फ्लॅश नकोच. कुत्र्याच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे टॅपेटम नावाचा चकाकणारा थर असतो. अंधारात दिसायला तो मदत करतो आणि फ्लॅशचा उजेड तसाच परत फेकतो. ते हिरवे डोळे त्याचेच. शिवाय अचानक झगमगाट झाला की बरेच कुत्रे बिचकतात आणि मग फोन दिसला तरी उठून जातात.

काळ्या आणि पांढऱ्या कुत्र्यांची अडचण वेगळी. समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून कॅमेरा उजेड ठरवतो. त्यामुळे फ्रेमभर काळा कुत्रा असला की फोटो फिका येतो, पांढरा पॉमेरियन असला की मळकट. डोळ्यावर बोट टेकवून फोकस करा, मग बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह काळ्यासाठी थोडं खाली, पांढऱ्यासाठी थोडं वर सरकवा. आणि काळ्या कुत्र्याला गडद सोफ्यावर बसवू नका. आम्ही आजीची विटलेली गोधडी अंथरतो. तिच्यावर मिरीचे कान कडेपर्यंत स्पष्ट येतात.

उभ्याने, वरून फोटो काढला की डोकं मोठं आणि पाय बारके दिसतात. सरळ फरशीवर पालथं पडा, फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. फार जवळ जाऊ नका, नाकच मोठं होतं. चार-पाच फुटांवरून २एक्स, म्हणजे दुप्पट झूम, बरा. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड मिशा आणि कानांची लव खातो, तो मी वापरत नाही.

नावाने सारख्या हाका मारणं ही आणखी एक चूक. पाचव्या हाकेला कुत्रा ढुंकूनही बघत नाही. आधी फोकस, उजेड, सगळं तयार ठेवा, मग एकदाच वेगळा आवाज काढा. आमच्याकडे खाऊच्या डब्याचं झाकण वाजवलं की मान तिरकी होते. त्याच क्षणी बर्स्टमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ झटपट, दहाबारा फोटो घ्या आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा गाजर द्या. चॉकलेट, द्राक्षं, मनुका अजिबात नकोत, कुत्र्यांना त्या विषारी ठरू शकतात. लेन्सही पुसून घ्या, चाटल्यावर तिच्यावर धुकट थर बसतो.

झोप नसताना जांभया, सारखे ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं हे कंटाळ्याचं नाही, बहुतेकदा ताणाचं लक्षण असतं. दिवाळीत टोपी-उपरणं घातलेल्या कुत्र्यांच्या फोटोंत मला हेच फार दिसतं आणि वाईट वाटतं. तेव्हा फोन खाली ठेवायचा आणि तिला हवं तिथे जाऊ द्यायचं. मी पाच-सात मिनिटांच्या वर ताणत नाही, मनासारखा फोटो मिळालेला नसला तरी.