पायथनमधून सी लायब्ररी: लिहायची राहिलेली ओळ

पायथन येतं आणि सीमधले पॉइंटर कळतात, असं धरून लिहितेय. सीची तयार लायब्ररी पायथनमधून वापरायला कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की अजूनही पोटात गोळा येतो. पहिल्या वेळी मी अकरा दिवस अडकले होते, आणि तेही न लिहिलेल्या एका ओळीपायी.

लायब्ररी मोजमापांचा डेटा गाळून देणारी होती. एक फंक्शन बफर तयार करून त्याचा पॉइंटर परत देई, दुसरं त्यावर काम करी, तिसरं तो मोकळा करी. मी सीटाइप्स घेतलं, म्हणजे सीची फंक्शनं पायथनमधून बोलावू देणारं मॉड्यूल. २००६ मधल्या पायथन २.५ पासून ते भाषेसोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. छोट्या फाइलवर उत्तर अचूक आलं. मोठी फाइल दिली आणि प्रोग्राम जागीच मेला. ट्रेसबॅक नाही, काही नाही, नुसतं ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, म्हणजे मेमरीतल्या चुकीच्या पत्त्याला हात लावला.

इथून पुढचं सावकाश वाचा. सीटाइप्सला लायब्ररीच्या फाइलमध्ये फंक्शनचं फक्त नाव सापडतं. ते काय घेतं आणि काय परत देतं हे हेडरमध्ये असतं, आणि सीटाइप्स हेडर वाचत नाही. तुम्ही रेसटाइप, म्हणजे फंक्शनच्या परतीचा प्रकार, सांगितला नाहीत तर फंक्शन इंट परत देतंय असं ते धरून चालतं. ६४ बिटांच्या मशीनवर पॉइंटर ६४ बिटांचा आणि इंट ३२ बिटांचा. पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळतो आणि पुढचं फंक्शन उरलेल्या अर्ध्या पत्त्यावर जाऊन आपटतं.

मग छोट्या फाइलवर कसं चाललं? लिनक्सवर जीलिबसी या सीच्या मूळ लायब्ररीचं मॅलॉक, म्हणजे मेमरी मागायचं फंक्शन, लहान तुकडे सहसा हीप या मेमरीच्या साठ्यातून देतं. माझ्या मशीनवरच्या पायथनची हीप इतक्या खालच्या पत्त्यांवर होती की ते ३२ बिटांत मावत. वरचा भाग सगळा शून्य, तो गळला तरी बिघडत नव्हतं. मागणी साधारण १२८ केबीच्या वर गेली की मॅलॉक एममॅपकडे वळतं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडून वेगळा तुकडा मागून घेतं, आणि ते पत्ते फार वरचे असतात. चूक पहिल्या दिवसापासून तिथेच होती, छोट्या फाइलीने ती झाकून ठेवली होती.

हे कळेपर्यंत मी लायब्ररी तीनदा नव्याने कंपाइल केली, डेटावर संशय घेतला, शेवटी मेमरी पुरत नसेल म्हणून डेटाचे तुकडे केले. तुकड्यांवर सगळं सुरळीत चाललं. त्या चालण्याने माझे आणखी चार दिवस खाल्ले.

एका सीनियरने ‘पायथन पुन्हा इन्स्टॉल कर’ म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या सहकारी ताईंनी एवढंच विचारलं, ‘हेडर कुठंय? दाखव बरं.’ मार्गदर्शक निवडायचा तर असा निवडा. उपाय सांगायच्या आधी हेडर मागणारी व्यक्ती मिळाली तर तिला सोडू नका.

हेडर बघून रेसटाइपला सी-व्हॉइड-पी, म्हणजे सीटाइप्सचा पॉइंटरचा प्रकार, दिलं, आणि पुन्हा कोसळलं! त्या संध्याकाळी मी खरंच रडले. आता पत्ता पूर्ण येत होता, पण पायथनमध्ये तो साधा पूर्णांक होतो. तोच पुढच्या फंक्शनला देताना आर्गटाइप्स, म्हणजे फंक्शन घेतं त्या आर्ग्युमेंट्सचे प्रकार, सांगितलेले नसतील तर सीटाइप्स त्याला इंट समजून पुन्हा कापतं. म्हणून प्रत्येक फंक्शनला दोन्ही द्या, कॉल करायच्या आधी. ‘हे तर छोटंसंच फंक्शन आहे’ म्हणून एकही वगळू नका.

बाकीचे खड्डे लवकर कळतात. लायब्ररीने दिलेली मेमरी तिच्याच फंक्शनने मोकळी करा. परतीचा प्रकार सी-चार-पी (अक्षरांच्या स्ट्रिंगचा पॉइंटर) ठेवलात तर हातात बाइट्स येतात आणि मूळ पॉइंटर हरवतो, मग मोकळं काय करणार? कॉलबॅक, म्हणजे लायब्ररीने उलट बोलवायचं तुमचं पायथन फंक्शन, दिलात तर तो पायथनच्या एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, नाहीतर गार्बेज कलेक्टर तो उचलतो. लायब्ररी सी प्लस प्लसची असेल तर एक्स्टर्न सी लावल्याशिवाय फंक्शनची नावं सरळ सापडायची नाहीत, कारण कंपाइलर ती बदलून ठेवतो. सीचा लाँग ६४ बिटांच्या लिनक्सवर ८ बाइटांचा, विंडोजवर ४ बाइटांचा.

बाइंडिंग, म्हणजे पायथन आणि सीमधला जोडकोड, आपोआप तयार करून देणाऱ्या साधनांबद्दल माझं मत कडक आहे: पहिली दोन फंक्शनं हाताने बांधल्याशिवाय त्यांना हात लावू नका. त्यानंतर सीएफएफआय या सीटाइप्ससारख्याच दुसऱ्या लायब्ररीचा एपीआय मोड जरूर घ्या. तिथे तुम्ही दिलेली डिक्लेरेशन्स सीचा कंपाइलर तपासतो, माझ्यासारखी चूक बहुतेक तिथेच पकडली जाते.

हे सगळं वाचून घाबरू नका. नमपाय वापरलं असेल तर सीमध्ये लिहिलेला कोड तुम्ही आधीच रोज चालवताय, कुणीतरी हे सांधे तुमच्यासाठी नीट जोडलेत. तुम्हालाही जमेल. पायथन सुरू करताना त्याचं फॉल्टहँडलर मॉड्यूल चालू ठेवा, म्हणजे प्रोग्राम मेला तरी तो कुठल्या ओळीवर मेला ते दिसतं. आणि पॉइंटर देणारं फंक्शन पहिल्यांदा बोलावलंत की परत आलेला आकडा छापून बघा. तो ऋण दिसला तर तिथेच थांबा आणि रेसटाइप लिहा.